केरसुणी, धूळ आणि बिनवायरचा व्हॅक्यूम

दिल्लीत नव्यानं बिऱ्हाड थाटणाऱ्या मराठी कुटुंबाला पहिल्या वर्षी सर्वांत जास्त हैराण कोण करतं? थंडी नव्हे, उन्हाळाही नव्हे. हैराण करते ती धूळ. सकाळी लख्ख पुसलेल्या टीपॉयवर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं. मे-जूनमध्ये राजस्थानकडून येणारी आंधी दारं-खिडक्या लावायलाही उसंत देत नाही. पावसाचे दोन महिने जरा बरे जातात, तोच दिवाळीच्या सुमाराला धूर आणि धुकं यांचा मुक्काम पडतो. शिवाय नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद, फरिदाबाद या भोवतालच्या शहरांत बारा महिने कुठे ना कुठे इमारत उभी राहत असतेच.

अशा घरात सकाळी केर-लादी झाली म्हणजे दिवसभराची चिंता मिटली, असं होत नाही. दुपारी पायाला पुन्हा खरखर लागते. कामवाली बाई एकदाच येते, दुसऱ्यांदा झाडू हातात घ्यावा लागतो तो घरातल्याच कुणाला तरी. बहुधा कुणाला, हे वेगळं सांगायला नको!

गेल्या काही वर्षांत इथल्या घरांमधून दांडीवाला, बिनवायरचा व्हॅक्यूम क्लीनर दिसू लागला, त्याचं कारण हे. दुकानात त्याला 'कॉर्डलेस स्टिक व्हॅक्यूम' म्हणतात. भिंतीवरून काढला, बटण दाबलं, बैठकीची खोली फिरवून घेतली आणि परत टांगला. वायर सोडायची नाही, प्लग शोधायचा नाही. किंमत मात्र आठ-दहा हजारांपासून सुरू होते आणि पन्नास हजारांच्याही पुढे जाते. एवढा पैसा घालूनही पुष्कळ घरांत हे यंत्र चार महिन्यांतच शोभेची वस्तू होऊन बसतं आणि केर पुन्हा झाडूनंच निघू लागतो. यात दोष यंत्राचा थोडा आणि निवडीचा जास्त असतो. खरेदी करताना बघितलं जातं एक आणि घराला हवं असतं दुसरंच.

केर वेगळा, धूळ वेगळी

घरातला कचरा दोन जातींचा असतो. तांदळाचे दाणे, केस, कागदाचे कपटे, बिस्किटांचा चुरा हा झाला केर. तो डोळ्यांना दिसतो आणि साध्या झाडूनं सुपलीत भरता येतो. त्यासाठी तीस हजारांचं यंत्र घेण्याची काही गरज नाही. दुसरी जात बारीक धुळीची. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, आणि ज्या 'पीएम २.५' कणांचे आकडे दिल्लीच्या वर्तमानपत्रांत रोज छापून येतात, ते अडीच मायक्रॉनचे किंवा त्याहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्शाएवढे. झाडू या धुळीला उचलत नाही, उडवतो. सकाळचं ऊन खिडकीतून आत येत असेल तेव्हा केर काढताना त्या उजेडाच्या पट्ट्यात बघा. उडालेली धूळ थोड्या वेळानं टीव्हीवर, पडद्यावर आणि पुन्हा फरशीवर येऊन बसते. थोडी घरातल्या माणसांच्या श्वासात जाते. बाई झाडू हातात घेण्याआधी ओढणी नाकावर गुंडाळते ती उगीच नव्हे.

आपल्याकडे अंगण झाडण्यापूर्वी सडा घालायची पद्धत होती, त्यातलं शहाणपण हेच. ओली धूळ उडत नाही.

दिल्लीच्या रस्त्यांच्या बाबतीत ही गोष्ट थेट न्यायालयापर्यंत गेली होती. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली सरकारला रस्त्यांवरची धूळ ओढून घेणाऱ्या व्हॅक्यूम गाड्या १ एप्रिल २०१६ पर्यंत कामाला लावण्याचे आदेश दिले होते. त्याच सुमारास, जानेवारी २०१६ मध्ये, आयआयटी कानपूरनं दिल्लीच्या हवेविषयीचा आपला अहवाल दिला. त्यानुसार शहरातल्या पीएम १० कणांच्या उत्सर्जनात ५६ टक्के आणि पीएम २.५ मध्ये ३८ टक्के वाटा रस्त्यावरच्या धुळीचा होता. रस्ता झाडूनं झाडला की धूळ हवेत जाते, यंत्रानं ओढली की पिशवीत जाते, हा साधा हिशेब घरालाही लागू पडतो. अट एवढीच, की यंत्रानं ती धूळ खरोखर धरून ठेवली पाहिजे.

यंत्राचा इतिहासही या दृष्टीनं मजेदार आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर नावाचे गृहस्थ एका मोठ्या दुकानात साफसफाईचं काम करीत. त्यांना दम्याचा त्रास होता आणि गालिचे झाडताना उडणाऱ्या धुळीनं तो बळावे. त्यांनी पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून धूळ ओढणारं यंत्र बनवलं. १९०८ मध्ये त्याचं पेटंट मिळालं आणि पुढे ते हूवर कुटुंबाकडे गेलं. दांडीवाल्या व्हॅक्यूमचा हा मूळपुरुष. म्हणजे तो जन्माला आला तोच मुळी झाडणाऱ्या माणसाच्या छातीसाठी. भारतात व्हॅक्यूम क्लीनर घरोघरी पोचवला तो १९८२ मध्ये स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्सच्या टायवाल्या विक्रेत्यांनी. दारात उभं राहून गादीतली धूळ काढून दाखवणारे ते तरुण अनेक वाचकांना आठवत असतील. ती यंत्रं वजनदार होती, त्यांना वायर होती आणि बहुतेक घरांत ती दिवाळीच्या साफसफाईपुरतीच माळ्यावरून खाली येत. रोजच्या वापराला आली ती ही बिनवायरची मंडळी.

दुकानदाराचे आकडे

मॉलमधल्या चकचकीत दुकानात गेलं की विक्रेता पहिल्यांदा सांगतो ती ओढण्याची शक्ती. 'मॅडम, पच्चीस हजार पास्कल!' आकडा मोठा असतो, समोरचा माणूस दबतो. पण पास्कलचा आकडा बहुधा नळीचं तोंड बंद असताना मोजलेल्या ओढीचा असतो. घरात आपण नळीचं तोंड बंद करून केर काढत नाही. धूळ वाहून न्यायला ओढ हवी, तशीच वाहती हवाही हवी. दोन्हींचा मेळ 'एअर वॉट' या मापात असतो. ते दिलेलं असेल तर तुलनेला तेच घ्यावं. साधा 'वॉट' हा आकडा तर यंत्र किती वीज खातं एवढंच सांगतो.

उदाहरणादाखल डायसन या कंपनीच्या तीन यंत्रांची तुलना करता येईल, कारण तिचे आकडे सहज मिळतात. व्ही ८ हे जुनं मॉडेल ११५ एअर वॉटचं, वजन सुमारे अडीच किलो, धुळीचा डबा अर्ध्या लिटरहून किंचित मोठा आणि एका चार्जिंगवर जास्तीत जास्त ४० मिनिटं. व्ही १२ डिटेक्ट स्लिम १५० एअर वॉटचं, वजन २.२ किलो, वेळ ६० मिनिटांपर्यंत. पण डबा फक्त ०.३५ लिटरचा. व्ही १५ डिटेक्ट सव्वादोनशे एअर वॉटच्याही वर, डबा पाऊण लिटरचा, मात्र वजन तीन किलोंपुढे. म्हणजे एकाच कंपनीतही सगळं एकत्र मिळत नाही. हलकं घ्याल तर डबा लहान, डबा मोठा घ्याल तर मनगट दुखणार. फिलिप्स, युरेका फोर्ब्स, अगारो, इनाल्सा यांच्या यंत्रांकडे बघतानाही हीच चार मापं कागदावर मांडून बघावीत.

पण या आकड्यांवरही निवड करू नये. दिल्लीच्या घराला खरा प्रश्न विचारायचा तो यंत्राच्या दुसऱ्या टोकाला, जिथून हवा बाहेर पडते तिथे. धूळ आत ओढणं सोपं आहे. ओढलेल्या हवेतली बारीक धूळ अडवून स्वच्छ हवा बाहेर सोडणं कठीण आहे. खोक्यावर 'हेपा फिल्टर' लिहिलेलं असतं. उत्तम दर्जाचा हेपा ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कणही ९९.९५ टक्के किंवा त्याहून अधिक अडवतो. पण फिल्टर कितीही चांगला असला तरी डब्याच्या झाकणातून, सांध्यांतून हवा निसटत असेल तर त्याचा काय उपयोग? गळक्या बादलीला चांदीची कडी लावण्यातला तो प्रकार. म्हणून फक्त फिल्टर नव्हे, तर संपूर्ण यंत्र हवाबंद आहे का, हे विचारावं. स्वस्त यंत्रं इथेच मार खातात. बारीक धूळ त्यांच्या मागच्या जाळीतून परत खोलीत येते आणि घरातल्या दमेकऱ्याला झाडूपेक्षा फार वेगळं सुख मिळत नाही.

याची परीक्षा दुकानातच करता येते. विक्रेता तांदूळ किंवा कागदाचे तुकडे पसरतो, ते कुठलंही यंत्र उचलतं. आपण पुडीतून चमचाभर बेसन न्यावं. ते फरशीच्या दोन लाद्यांमधल्या फटीत टाकायला सांगावं आणि यंत्र मधल्या वेगावर चालवायला लावावं, सर्वांत जास्त वेगावर नव्हे. मग फटीत पिवळी रेघ राहते का ते पाहावं. हवा बाहेर पडते तिथे काळा रुमाल धरावा. रुमालावर पिवळसर पूड दिसली तर त्या यंत्राला तिथूनच नमस्कार!

मधला वेग का, तर बॅटरीमुळे. जाहिरातीतली ४० किंवा ६० मिनिटं सगळ्यांत कमी वेगावरची असतात, तीही बऱ्याचदा मोटरचा ब्रश न लावता. पूर्ण जोरावर चालवलं की वेळ झपाट्यानं खाली येतो. व्ही ८ चा जास्तीत जास्त जोराचा वेळ कंपनीनं दिला आहे तो ७ मिनिटांचा. सात मिनिटांत एक गालिचा होईल, घर होणार नाही. दोन शयनगृहांच्या फ्लॅटला रोज पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेव्हा मधल्या वेगावर निदान पंचवीस मिनिटं चालणारं यंत्र हवं, कारण दोन-तीन वर्षांत बॅटरीचा दम कमी होतच जातो.

विजेच्या बिलाची काळजी मात्र नको. अशा यंत्राच्या बॅटरीत साधारण ६० वॉट-तासांची वीज मावते. म्हणजे एका युनिटमध्ये पंधराएक वेळा चार्जिंग. हिशेब करायचा तो बॅटरी बदलण्याच्या खर्चाचा. ती सहज निघणारी आहे की आत बंदिस्त, आज सुटी मिळते का आणि कितीला, हे बिल करण्यापूर्वी विचारावं. बदली बॅटरी मिळतच नसेल तर ते यंत्र तीन-चार वर्षांचं पाहुणं समजावं. चार्जर बाल्कनीत लावू नये. दिल्लीत जूनमध्ये पारा पंचेचाळीसवर जातो आणि काचेनं बंद केलेली बाल्कनी तर भट्टीच होते. अशी उष्णता लिथियम बॅटरीला मानवत नाही. निकामी झालेली बॅटरी घंटागाडीत टाकू नये. २०२२ च्या नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

आपली फरशी, आपले केस

ही यंत्रं मुळात गालिच्यांच्या देशांसाठी बनली. आपल्याकडे संगमरवर किंवा गुळगुळीत टाइल्स. गालिचा असलाच तर थंडीपुरता. गालिच्याचा कडक ब्रश टाइलवर फिरवला तर दाणे इकडेतिकडे उडतात. त्यामुळे कडक फरशीसाठी मऊ, कापडी रोलर सोबत आहे का, हे बघावं. अनेक कंपन्या तो महागड्या संचातच देतात आणि पाचशे-हजारांनी स्वस्त वाटलेलं खोकं शेवटी महाग पडतं. लांब केस ही दुसरी अडचण. आई, मुलगी, सून अशा तिघी लांब केसांच्या असतील तर आठवड्यात रोलरला केसांची वेणी पडते. कात्री न लावता ती काढता येते का, रोलर बाहेर निघतो का, हे हातानं करून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

हातात धरूनही बघावं. काही यंत्रांत बंदुकीच्या घोड्यासारखं बटण सतत दाबून धरावं लागतं. त्यामुळे बॅटरी वाचते खरी, पण बोटांच्या सांध्यांचं दुखणं असलेल्या सासूबाईंना ते पाच मिनिटांतच नकोसं होतं. काहींत एकदा बटण दाबलं की काम सुरू. छताची जळमटं काढण्यासाठी यंत्र डोक्यावर धरून पाहिलं की वजनाचा खरा अंदाज येतो. मोटर वर आणि दांडी खाली असल्यामुळे सगळा भार मनगटावर येतो.

दिल्लीकरांना या यंत्राचा खरा उपयोग होतो तो फरशीपेक्षाही इतर जागी. सरकत्या खिडक्यांच्या खाचा, डासांच्या जाळ्या, एसीची गाळणी, सोफ्याच्या फटी, पुस्तकांचे कप्पे, मोटारीची आसनं. इथे ओलं फडकं चिखल करतं आणि झाडू पोचत नाही. निमुळती नळी आणि छोटा मऊ ब्रश एवढे दोन तुकडे संचात असलेच पाहिजेत. बाकी डझनभर तुकडे कपाटात पडून राहतात.

काही गोष्टी यंत्राच्या तोंडी देऊ नयेत. दिवाळीची रांगोळी, उदबत्तीची किंवा होमाची राख, सांडलेलं दूध, ओली कणीक आणि घराच्या डागडुजीनंतरची सिमेंटची पूड. रांगोळी आणि सिमेंट इतकं बारीक असतं की फिल्टर बघता बघता चोंदतो. २८ ऑगस्ट २०२२ रोजी नोएडाच्या सेक्टर ९३ ए मधले दोन उंच टॉवर काही सेकंदांत पाडले गेले, तेव्हा आसपासच्या परिसरात धुळीचे लोट पसरले होते. असल्या धुळीला ओलं फडकं आणि पाण्याची बादलीच हवी. थंडावलेली वाटणारी राख आत धुमसत असली तर यंत्राला आग लागण्याचाही धोका असतो.

गादीतल्या धूळकिड्यांविषयी जाहिरातींत बरंच लिहिलेलं असतं. व्हॅक्यूमनं वरची धूळ आणि त्वचेचा कोंडा निघतो, त्यामुळे फायदा होतो. पण हे किडे सगळे निघत नाहीत. गादी-उशीला घट्ट विणीचे अभ्रे आणि चादरी गरम पाण्यात धुणं हा उपाय अधिक खात्रीचा. घरात दमेकरी असेल तर त्यांनी खोलीत नसताना सफाई करावी. यंत्र घेतलं म्हणून औषध कमी करायचं नाही, ते डॉक्टरांनाच विचारावं.

मग घ्यावा कुणी?

ज्यांच्या घरात रांगतं मूल आहे, कुत्रा-मांजर आहे, कुणाला धुळीची ॲलर्जी आहे आणि पंचवीस-तीस हजार खर्चण्याची ऐपत आहे, त्यांनी हवाबंद बांधणीचा, मऊ रोलरचा, बदलत्या बॅटरीचा स्टिक व्हॅक्यूम खुशाल घ्यावा. ज्यांचं अंदाजपत्रक दहा हजारांच्या आत आहे, त्यांनी मात्र बिनवायरच्या मोहात पडू नये. तेवढ्याच किंवा त्याहून कमी पैशांत वायरचा, पिशवीवाला चांगला व्हॅक्यूम मिळतो. आठवड्यातून दोनदा तो आणि रोज ओलं पुसणं, एवढ्यावर घर चांगलं राहतं. आपोआप फिरणाऱ्या रोबोची गोष्ट वेगळी. तो फरशी फिरतो, पण जाळीवर आणि गादीवर चढत नाही. आणि कुठलंही यंत्र घेतलं तरी फरशी पुसणं सुटत नाही, ही गोष्ट घरातल्यांना आधीच सांगून ठेवलेली बरी. धूळ ओढल्यावर पुसलेल्या फरशीचं पाणी काळं होत नाही आणि बादली एकदाच बदलावी लागते, एवढा फरक मात्र नक्की पडतो.

घेतल्यावर दोन कामं न चुकता करावी लागतात. डबा रोज रिकामा करायचा, तोही स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यावर झटकून नव्हे. झटकला की पकडलेली धूळ पुन्हा घरभर. बाल्कनीत किंवा जिन्यात जाऊन डबा कागदी पिशवीच्या आत धरून उघडावा आणि पिशवीचं तोंड लगेच दुमडावं. धुण्याजोगा फिल्टर महिन्यातून एकदा धुवावा आणि तो पूर्ण सुकल्याशिवाय लावू नये. उन्हाळ्यात एका दिवसात सुकतो, पण जानेवारीच्या धुक्यात दोन-दोन दिवस ओलाच राहतो. म्हणून थंडीच्या आधी दुसरा फिल्टर घेऊन ठेवावा.

आणि यंत्र वापरणार कोण, हे खरेदीच्या आधीच ठरवावं. बऱ्याच घरांत ते महाग म्हणून बाईच्या हाती देत नाहीत. ती झाडू मारते, धूळ उडवते, आणि संध्याकाळी दमून आलेली मालकीण त्यावरून यंत्र फिरवते. कामाचा क्रम असा उलटा झाला की आठ दिवसांत कंटाळा येतो. त्यापेक्षा पहिल्या रविवारी बाईला समोर बसवून बटण, डबा, रोलर तिच्याच हातून उघडून-लावून घ्यावा. अर्ध्या तासात ती शिकते. काही बिघडलं तर पगारातून कापणार नाही, हेही तिला स्पष्ट सांगावं. नाहीतर ती भीतीपोटी झाडूच उचलेल. दुसऱ्या दिवसापासून आधी यंत्र, मग ओलं फडकं. तिचंही काम दहा मिनिटांनी हलकं होतं आणि ओढणी नाकावर बांधावी लागत नाही.